सात पौंडांच्या वर

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यांशी माझी सोयरीक जुळवू नका. त्यांनी पोती तोलली, मी तान्ही बाळं तोलली. सध्या माझा मुक्काम पुंडलिकनगरातल्या एका घराच्या माळ्यावर आहे. माझं पारडं गंजलं आहे, दांडी एका अंगाला झुकते. मला सगळ्यात जास्त आठवण येते ती वजनाची. पारड्यात काहीतरी ऊबदार, वळवळणारं पडलं की माझी दांडी हलायची. तसं हलायला मी आजही आसुसलेला आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. पितळेची दांडी, तिच्यावर पौंडांच्या खोल खाचा आणि खाचांवरून सरकणारं छोटं वजन. पारडं पांढरंशुभ्र. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा गवतात गुंडाळून मला औरंगाबादेला पाठवलं. तुमचं आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. स्टेशनावरून टांग्याने मी दौलताबादच्या वाटेवरच्या एका छोट्या दवाखान्यात पोचलो. पहिल्याच दिवशी ज्या बाळाला माझ्यात निजवलं, त्याने मला आंघोळ घातली. माझ्या नोकरीची सुरुवात अशी झाली.

दवाखान्यात तीन माणसं होती. नर्स पद्मजाबाई, औषधं बांधून देणारे कंपाउंडर रामकिसन आणि दाई सारजाबाई. सारजाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. माझ्या खाचा ती बोटाने मोजायची. मी खरं सांगणारा म्हणून सगळे मला मान देत. मलाही त्याचा थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

जवळच कापसातून सरकी काढायचा एक कारखाना होता. तिथल्या बऱ्याच बायका मुकादमाच्या हाताखाली रोजाने लागलेल्या. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, अशी आपल्याकडची रीत. पण बारसं झालं की तेराव्या दिवशी या बायका कापसाच्या धुरळ्यात उभ्या राहत. चतुराबाई त्यांच्यातलीच. तिची पहिली मुलगी अडीच महिन्यांची असताना दगावली. शेवटच्या खेपेला ती माझ्या पारड्यात होती तेव्हा माझी दांडी जेमतेम हलली होती. पोरीची टोपी चतुराबाई नंतरही कमरेला खोचून ठेवायची.

माझ्या नोकरीला सहा-सात वर्षं झाली, त्या सुमारास दिल्लीच्या संसदेत दवाखान्यांच्या सुधारणेवर आणि बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यावर चर्चा व्हायची होती. मुकादमाकडच्या बायकांना त्या रजेत घ्यायचं की नाही, हा वादाचा मुद्दा होता. एक खासदार आमचा दवाखाना पाहायला आले. पद्मजाबाईंनी त्यांच्यापुढे या बायकांचं गाऱ्हाणं मांडलं. ते म्हणाले, "बाई, तुमचा शब्द खरा आहे. पण सभागृहात शब्दाला विचारत नाहीत. मला आकडे द्या."

पद्मजाबाई कामाला लागल्या. सव्वा महिन्याच्या प्रत्येक बाळाचं वजन घ्यायचं. आई घरी राहिली असेल तर एका रकान्यात लिहायचं, कारखान्यात परतली असेल तर दुसऱ्या. वजनाचा दिवस सोमवार. त्याच दिवशी पद्मजाबाईंची खेड्यांतली फेरी असे. म्हणून सारजाबाई तोलायची, मोठ्याने आकडा सांगायची आणि रामकिसन आतल्या खोलीत बाटल्या भरता भरता तो लिहून घ्यायचे.

आठ महिने हे चाललं. त्याच काळात चतुराबाईला पुन्हा दिवस गेले. ती कामावरून जाता-येता दारात थांबायची. "बाई, झाला का वो कायदा? या खेपंला लेकरापाशी ऱ्हायचंय मला. सव्वा महिनाच, जास्ती नाय."

"होईल," पद्मजाबाई म्हणायच्या. "तुझं पोर यायच्या आत होईल."

मित्रांनो, त्या आठ महिन्यांत काय घडत होतं ते एकट्या मला ठाऊक होतं. सारजाबाईचा आवाज कधी सात पौंडांच्या वर गेलाच नाही. कारखान्यातल्या बायकांची बाळं साडेसहा भरत, तिथे ती साडेसहाच सांगायची. पण घरी राहिलेल्या आईचं गुटगुटीत बाळ आलं, माझी दांडी नवावर गेली, की ती इकडेतिकडे बघायची, वजन पटकन मागे सारायची आणि ओरडायची, "सात!" मी नऊ सांगत होतो हो! पण काट्याला तोंड कुठे असतं?

पद्मजाबाईंनी बेरजा केल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही रकान्यांत अर्ध्या पौंडाचाच फरक निघाला. "थोडा आहे," त्या रामकिसनना म्हणाल्या, "पण आपल्या पदरचं एक औंसही घालायचा नाही. आहे ते पाठवायचं." कागद दिल्लीला गेला.

पंधरवड्याने वर्तमानपत्र आलं. पद्मजाबाई ते उभ्यानेच मोठ्याने वाचू लागल्या. आपले खासदार पोटतिडकीने बोलले होते. मग दुसरे एक सदस्य उठले. त्यांनी तोच कागद मागून घेतला आणि वाचून दाखवला. "फरक अर्ध्या पौंडाचा. अर्ध्या पौंडासाठी सव्वा महिन्याची रजा द्यायची का?" सभागृहात हशा पिकल्याचं कंसात छापलं होतं. मुकादमाकडच्या बायकांना रजेत घेण्याची दुरुस्ती मतदानात पडली होती.

सारजाबाई फरशी पुसत होती. तिचा हात थांबला. "बाई, आपल्या कागदानं पडलं का ते?"

"हो, सारजाबाई. आपल्याच."

ती तशीच ओल्या फरशीवर बसली. "म्या चोरलं, बाई. भरल्या लेकराचं वजन म्या चोरलं. नऊ असलं तर सात सांगितलं, आठ असलं तरी सातच."

"कशासाठी?"

"माझा बद्रीनाथ व्हता. लई वजनदार पोरगं. त्याच्या बापानं हौसेनं मोंढ्यात नेलं अन् गुळानं तोललं. समद्या बाजारानं आकडा ऐकला. आठव्या दिवशी तापानं गेला माझा बद्री. तवापासून कुणाच्या भरल्या लेकराचं वजन माझ्या तोंडून निघत नाय. दुसऱ्याच्या पोराला कामून दृष्ट लावू मी?"

पद्मजाबाईंनी वर्तमानपत्र चुरगाळून टाकलं. त्यांना राग आला होता. मग त्या खाली बसल्या. "तुम्ही भरलेल्या बाळांना जपलंत. पण ती भरलेली दिसलीच नाहीत, म्हणून उपाशी बाळं कुणाला उपाशी वाटली नाहीत हो."

त्यांनी खासदारांना घडलेलं सगळं कळवणारं पत्र धाडलं. उत्तर सभ्य होतं. कायदा मंजूर झाला होता, आता पुढे कधी विषय निघाला तर पाहू, एवढंच त्यात होतं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

दोन महिन्यांनी चतुराबाई बाळंत झाली. मुलगी झाली. तेराव्या दिवशी ती पोरीला घेऊन दवाखान्यापुढून कारखान्याकडे निघाली, तेव्हा सारजाबाई वाटेत आडवी झाली. "धुरळ्यात नको नेऊस. दे माझ्यापाशी. दूध पाजायला मी आणते फाटकावर."

"मावशी, रोज?"

"व्हय, रोज. तीनदा. तुझं देणं लागते मी."

सारजाबाईने शब्द पाळला. साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे. पण भर उन्हात पदराखाली पोर घेऊन ती कारखान्याच्या फाटकापर्यंत तीन-तीन खेपा करायची. मुकादम आधी खेकसला. पण त्याचीही चारही पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. तो कोणत्या तोंडाने अडवणार?

सव्वा महिन्याचा सोमवार आला. सारजाबाईने पोरीला माझ्यात निजवलं. वजन सहावरून सातावर गेलं, सातावरून आठावर. माझी दांडी साडेआठावर स्थिर झाली. एवढा आनंद मला क्वचितच झाला असेल. सारजाबाईच्या कपाळाला घाम फुटला. आतून रामकिसननी विचारलं, "किती?"

तिने डोळे मिटले. "साडेआठ!" ती ओरडली. बाहेर बसलेल्या बायका दचकल्या. "साडेआठ भरली पोरगी! लिवा मोठ्या अक्षरात!" आणि मग तिने पोरीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, भीतीने आणि कौतुकाने.

पद्मजाबाई त्या दिवशी फेरीवर गेल्या नव्हत्या. त्या दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "चतुराला सांगा कुणीतरी," त्या म्हणाल्या.

पण चतुराबाईला कोण सांगणार? ती सरकीच्या ढिगापाशी उभी होती. फाटक आता दुपारशिवाय उघडणार नव्हतं.

पुढे किलोचे काटे आले आणि माझे पौंड कुणाला कळेनासे झाले. मला भंगारात टाकलं होतं, पद्मजाबाईंनी निवृत्त होताना मागून घेतलं. सारजाबाई गेली, पद्मजाबाईही गेल्या. माझ्या पारड्यात आता दिवाळीच्या जुन्या पणत्या असतात.

मित्रांनो, माझी दांडी पुसा असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. आपलं भरलं असेल तर ते लपवू नका, त्याशिवाय दुसऱ्याचं रितं दिसत नाही. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी कायदे कराल, कुणी कारखाने चालवाल. तेव्हा एवढं करा. चतुराबाईचं बाळ कितीचं भरलं हे रामकिसनना कळलं, अंगणातल्या बायकांना कळलं, रस्त्यानेही ऐकलं. पण ज्या आईने ते सगळ्यांच्या आधी ऐकायला हवं होतं, ती कारखान्यात उभी होती. अशा आईला तेवढा सव्वा महिना तरी घरी राहू द्या.