सरासरीबाहेरचा ठिपका

भिंतीवरचा तो ठिपका तिला आधी माशीच वाटला. आत्ता उडेल, मग उडेल म्हणून रूपाली बघत राहिली, पण क्रांतीताईंनी काठीचं टोक नेमकं त्याच्यावर ठेवलं, तेव्हा कळलं की तो आलेखातलाच आहे – बाकीचे ठिपके जत्रेला निघाल्यासारखे खालून वर चाललेले आणि हा एकटाच उजवीकडे तळाशी, कुणी बोलावलं नाही म्हणून बसून राहिलेला. आडवी रेघ घरातल्या बोलण्याची, उभी समाधानाची. बोलणं जितकं जास्त तितकं समाधान जास्त, याला सहसंबंध म्हणायचं, हे आता तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

गणिताचं नाव काढलं की जी लांब पळायची ती ही बाई. तासगावच्या केंद्रात कुटुंब-समुपदेशक म्हणून बसू लागली, लोकांची भांडणं ऐकता ऐकता केस पांढरे व्हायला लागले, तरी पुस्तकात आकडे आले की पान उलटायची. मग सांगलीला हा शनिवारचा संशोधनाचा वर्ग सुरू झाला, साताऱ्याहून क्रांतीताई शिकवायला येऊ लागल्या... ‘घाबरू नकोस गं, रूपाली. सरासरी म्हणजे आडोसा. तिच्यात कुणीच एकटं दिसत नाही.’ रूपाली – किती दिवसांनी कुणी तिला नावानं हाक मारली होती. त्या हाकेला भुलून तर तिनं... नाही, भुलून नाही. विश्वासानं.

“हे कुटुंब उंब्रजचं,” ताई सांगत होत्या. “उसाची शेती. नवरा बोलका, दारात आलेल्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. दिवस मावळायच्या आत सगळे एकत्र जेवायला बसतात. गप्पा, हसणं, सगळं. पण दोन वर्षं झाली, नवरा बायकोशी थेट बोललेला नाही. जे काही ते मुलीमार्फत. ‘आईला सांग, आमटी वाढ.’ आणि आई तिथंच उभी असते, आमटीचं भांडं घेऊन.”

रूपालीच्या हातातलं पेन थांबलं. भांडं... हो, भांडं हातातच असतं. नवरा, भरतेश, बसलेला असतो, मान वर न करता लेकीला सांगतो, लेक तिच्याकडे बघते आणि ती वाढते. पाहुण्यांना वाटतं, काय लाडकी लेक आहे बापाची. हे तिनं आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं – दुसऱ्यांचे संसार सांधणारी बाई, तिच्याच घरात ही तऱ्हा! शिकताना प्रत्येकानं एकदा एकट्यानं ताईंसमोरच्या खुर्चीत बसून आपलं दुखणं सांगायचं, असा वर्गाचा शिरस्ता होता, म्हणून ती बसली, बोलली, रडली. ताईंनी पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाल्या, हे या खोलीतच राहील. खोली खरंच हीच होती. फक्त आता ती माणसांनी भरलेली होती.

“ताई, मी उंब्रजचा हाय,” मागून जयराज पवार बोलला. फौजेतून निवृत्त होऊन माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी काम करणारा, मनानं सरळ गडी. “आमच्यात दिवस मावळायच्या आत कोण जेवतंय वं? माणूस रानातनं यायलाच अंधार पडतोय. हे जैनाचं घर असणार बगा.”

वर्ग हसला. मग ते हसणं मध्येच कुठंतरी विरलं. वर्गात जैनांची ती एकटीच होती. कुणीही तिच्याकडे वळून बघितलं नाही, सगळे एकदम वहीत काहीतरी लिहायला लागले, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की सगळ्यांना कळलं.

चहाच्या सुट्टीत ताई स्वतःच तिच्याजवळ आल्या.

“नाव बदललं, गाव बदललं, द्राक्षाचा ऊस केला. आणखी काय करायला हवं होतं मी?”

“जेवण राहिलं, ताई.”

“अगं, तुमच्याकडे जेवले होते ना मी... उजेडात सगळे एकत्र बसलेले, इतकं छान वाटलं होतं. ते तुमच्या धर्माचं आहे हे डोक्यातच आलं नाही.”

“मला विचारायचं होतं.”

“तू नको म्हणाली असतीस. आणि तुझ्यासारखं दुसरं उदाहरण मला सापडेना, रूपाली.”

दुसरं उदाहरण सापडेना. क्षणभर – लाज वाटली तरी खरं – तिला त्या वाक्यानं बरंच वाटलं. कुणाला तरी ती एकमेव वाटली होती. लगेच त्या बरं वाटण्याचाच तिला इतका संताप आला की चहा तसाच ठेवून ती एसटी स्टँडकडे चालू लागली. भरतेशनं बोलणं तोडलं, त्याचं दुःख जुनं होऊन अंगवळणी पडलं होतं. हे ताजं होतं. तो निदान तिच्याबद्दल कुणाशी बोलत तरी नव्हता.

तासगाव येईपर्यंत ती खिडकीतून द्राक्षबागा बघत होती, म्हणजे बघत नव्हती. केंद्रात हरणाबाई वाट बघत बसलेली. रूपाली आपल्या प्रबंधासाठी जी घरं अभ्यासत होती, त्यांत हरणाबाईचं घर होतं. सुनेशी वाकडं, राहणं मात्र एकाच घरात.

“आवं ताई, ते अभ्यासाचं म्हणालात न्हवं... माजं नाव न्हाई ना येणार त्यात?”

नाव बदलणार, गाव बदलणार, कुणाला कळणार नाही – आजवर प्रत्येक बाईला ती हेच सांगत आली होती. वाक्य तोंडात तयार होतं.

“नाव काढलं, गाव काढलं,” ती सावकाश म्हणाली, “तर तुम्हाला कुणी कशावरून ओळखेल?”

हरणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “सगळ्यावरनंच की. नाव कोण घेतंय माजं? सुनंच्या हातची भाकरी नको म्हणून दारात ताट घिऊन एकलीच बसते न्हवं मी, भिताडाकडं तोंड करून. लांबनं वळखत्यात.” मग ते टोक सोडवत, “ते काढलं तर मग सांगण्यासारखं ऱ्हातंय काय माजं?”

भिंतीकडे तोंड करून. रूपालीनं ते कालच लिहिलं होतं. सबंध प्रकरणात तेवढं एकच वाक्य तिला स्वतःला आवडलं होतं, दोनदा वाचलं होतं... ताईंनाही ती उजेडातली पंगत अशीच आवडली असेल. राग कमी झाला नाही. उलट आता तो कुठं ठेवावा हे कळेना. ताईंवर ठेवला तर त्याचं एक टोक तिच्याच हातात येत होतं.

खिडकीवरचं ऊन भिंतीवर चढलं, तांबूस झालं. मोबाइलवर क्रांतीताईंचं नाव दोनदा उजळून विझलं.

“लिवा न्हाईतर नगा लिवू, तुमच्यावर हाय,” हरणाबाई उठता उठता म्हणाली. मग टेबलावरच्या डब्याकडे बघून, मायेनं, “जेवून घ्या की ताई. तुमच्यात दिस बुडायच्या आत लागतंय न्हवं?”

रूपालीनं डब्यावर हात ठेवला. थोडा उजेड अजून होता. झाकण मात्र तिच्यानं उघडवेना.