विष काही चिकटेना

तीन महिने झाले, ताईंचं विष काही चिकटायला तयार नव्हतं.

विष म्हणजे जखमेत पू करणाऱ्या जंतूंचं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणीचं काम करतात. हे विष पेशीच्या अंगावरची एक कडी शोधतं, ती घट्ट धरतं आणि मग पेशीला भोक पाडून तिचा निकाल लावतं. ताईंचं काम एवढंच, की विषाला चमकणारा हिरवा रंग लावायचा, पेशींत सोडायचं आणि कडी धरताना त्याला रंगेहाथ पकडायचं. पेशी हिरव्या दिसल्या की गंगेत घोडं न्हालं. पण एक-दोन नाही, पाच माणसांचं रक्त तपासून झालं आणि पेशी आपल्या धुतल्या तांदळासारख्या!

"तुमच्या हाताला यश नाही," सरांनी सगळ्यांसमोर सुनावलं. "गुरुवारच्या मीटिंगमध्ये काय तो निर्णय घेऊन टाकू."

निर्णय म्हणजे काय, हे न कळायला ताई काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. मुलं मोठी करून चाळिशीत पुन्हा प्रयोगशाळेत आलेली बाई. इथून नारळ मिळाला तर दुसरीकडे कोण उभं करणार? त्यांना भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी त्या स्टोअरमध्ये गेल्या. काढून टाकण्याआधी आपणच निघालेलं बरं.

"काका, एक पाकीट द्या. राजीनामा घालायचाय."

"अगं बाई!" स्टोअरचे काका म्हणाले आणि पाकीट शोधायच्या निमित्तानं सगळे खण उलथेपालथे करत बसले. मिळू नये अशीच त्यांची इच्छा असावी.

ताईंची नजर खिडकीकडे गेली. ज्यूसच्या रिकाम्या खोक्यांत टोमॅटोची रोपं लावलेली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"काका, हा ज्यूस तर रक्त देणाऱ्यांना मिळतो."

"मग? फुकटचा प्यायलो की काय मी? रक्त दिलंय, रक्त!"

"पाच वेळा?"

काकांचा हात खणातच राहिला. आता प्रयोगशाळेची रीत अशी, की रक्त कोणाचं हे ताईंना कळता कामा नये. रक्त देणाऱ्या, प्रयोगशाळेतल्याच पाच जणांची यादी काकांच्या कपाटात कुलूपबंद. दर मंगळवारी यादीतल्या एकानं खाली सिस्टरकडे जाऊन हात पुढे करायचा, आणि वर ताईंकडे नुसती नंबर घातलेली नळी यायची.

"आता काय सांगू तुम्हाला," काका खाली बघत म्हणाले. "एकेक जण गुपचूप यायचा. काका, सुई बघितली की मला घेरी येते, माझ्याऐवजी तुम्ही जा, पण कोणाला बोलू नका. मी म्हटलं, रक्त ते रक्त. त्यात काय एवढं?"

ताई धावतच खाली गेल्या.

"मला काय करायचंय?" सिस्टर म्हणाल्या. "चिठ्ठी आली, हात आला, रक्त काढलं. शीर मात्र छान आहे हो त्यांची."

"मग आता माझी बघा," म्हणत ताईंनी बाही वर केली.

दुपारी ताईंच्या स्वतःच्या पेशी हिरव्यागार दिसल्या. विष चांगलं होतं, हातही चांगला होता. ताई तिथेच स्टुलावर बसून हसल्या आणि मग मनसोक्त रडल्या.

काकांना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे माझ्या पेशींना ती कडीच नाही?"

"नाही. असतात अशी थोडी माणसं. विषाला धरायलाच काही नाही."

"चाळीस वर्षं बायको हेच म्हणतेय, तुमच्यात काहीतरी कमी आहे म्हणून," काका पुटपुटले.

गुरुवारी ताईंनी मीटिंगमध्ये सगळं मांडलं. एकाच माणसाचं रक्त पाच नंबरांनी आलं, हेही. चार माना आपोआप खाली गेल्या. प्रत्येकाला वाटत होतं, पळ काढणारे आपण एकटेच.

सर कडाडले, "कोण हे महाभाग? काका, यादी आणा! वाचा!"

काकांनी चष्मा लावला, यादी उघडली. "नंबर एक," ते म्हणाले, आणि त्यांना जोराचा खोकला आला.

सरांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "पाणी द्या त्यांना," ते हळूच म्हणाले. "यादी राहू द्या."

"नको," ताई म्हणाल्या. "पाचही नळ्या मला पुन्हा हव्यात. नंबरवारीनं."

अर्ध्या तासानं सर सिस्टरसमोर बसले होते, डोळे गच्च मिटून, काकांचा हात धरून. "झालं का?" त्यांनी विचारलं. सिस्टर अजून कापूसच शोधत होत्या.

संध्याकाळी नंबर एकच्या पेशी सगळ्यांत हिरव्या निघाल्या. ताईंच्या मुदतवाढीच्या कागदावर सरांनी सही केली ती डाव्या हातानं, वेडीवाकडी. उजवा त्यांनी दिवसभर पोटाशी धरून ठेवला होता.

"हाताला यश आहे हो तुमच्या," कागद पुढे सरकवत ते म्हणाले.

"आता यादीत सहावा नंबर काकांचा," ताई म्हणाल्या. "कडी नसली की विष चिकटत नाही, हे दाखवायला त्यांचंच रक्त हवं. त्याशिवाय माझं काम अडेल."

 टेबलावर सरांचा ज्यूस तसाच पडला होता. काकांनी तो उचलला, पिऊन टाकला आणि रिकामं खोकं काखेत मारून स्टोअरकडे निघाले.