आईचा वाटा

सेंगदाने आपल्या पार्लरमधला नळ सोडला, मनगटावर पाण्याची ऊब पाहिली आणि सिरीची मान हलकेच मागे नेऊन बेसिनच्या कडेवर टेकवली.

"लिलॅक्स," ती इंग्रजीत म्हणाली.

"रिलॅक्स," सिरीने डोळे न उघडताच दुरुस्त केलं. "र म्हणा, मावशी. र."

"तेच म्हणतेय ना मी. लिलॅक्स."

शेजारच्या खुर्चीवर केसांत रोलर गुंडाळून बसलेली कमोन खदखदून हसली. "जीभ साठीला आली तुझी, सेंगदा. आता कसली वळतेय ती!"

"माझी जीभ वळेल गं. तुझे केस वळतायत का तेवढं बघ."

कमोन गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती आणि तळ्याकाठच्या छोट्या चर्चचा सगळा कारभार तिच्याच अंगावर होता. तिचे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हापासून घराणं त्या चर्चचं. सेंगदाचं घराणं चर्चसमोरच्या विहाराचं. दोघी एका बाकावर शिकल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींची खोडी काढायची एकही संधी त्यांनी सोडली नव्हती.

दर पावसाळ्यात नॉर्वेहून दोन-चार तरुण मुलं यायची. चर्चच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरायचा. शेवटची पंधरा मिनिटं बायबलमधली एक गोष्ट आणि एक गाणं. वर्गाला येणारे बहुतेक सगळे विहारात जाणारे. पण गोष्ट ऐकायला आणि टाळ्या वाजवायला कुणाची काही हरकत नसे. या वर्षी उत्तर थायलंडमधल्या या फयाव गावाच्या वाट्याला सिरी आली होती. नाव ऐकूनच लोक खूश झाले होते, कारण सिरी हे तर त्यांच्याकडचंच शुभ नाव. औषधाच्या दुकानातला सोमबत रोज वर्गात फोन तोंडाशी धरून विचारायचा, "सिरी, उद्या पाऊस आहे का?" आणि सिरी फळ्यापाशी उभी राहून गंभीरपणे सांगायची, "आहे. छत्री आणा." मग वर्ग हसायचा आणि धडा सुरू व्हायचा. पोरगी शिकवायची मात्र झकास. न घाबरता बोलायला लावायची.

फुकट शिकणं सेंगदाला पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिने सिरीच्या वाळक्या सोनेरी केसांत बोटं घालून पाहिली होती आणि जाहीर केलं होतं, "हिचे केस मी धुणार."

आता ती त्या केसांत फेस चोळत असतानाच रस्त्यावरून ढोल आणि झांजांचा आवाज आला. भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळाभर विहारातच राहण्याचा काळ, दोन दिवसांवर आला होता. मिरवणुकीत पुढे बायका नाचत होत्या. मधे चौघांच्या खांद्यांवर, छत्रीखाली, डोकं आणि भुवया भादरलेला एक तरुण बसला होता. त्याच्या मागे त्याची आई चालत होती. तिच्या दोन्ही हातांवर घडी केलेलं चीवर, भिक्षूचं वस्त्र, होतं आणि ती इतकी जपून पावलं टाकत होती, की जणू हातांत काठोकाठ भरलेलं पातेलं आहे.

सिरी ओल्या केसांनिशी उठून दाराशी गेली. फेस तिच्या मानेवरून ओघळत होता.

"हा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला ना? कायमचा भिक्षू होणार?"

"छे. पावसाळ्यापुरता," कमोन म्हणाली. "पाऊस संपला की परत दुकानात."

"एवढंच?" सिरीच्या तोंडून निघून गेलं. "मग त्याचा काय उपयोग?"

कमोनने ते थाईत सांगितलं तेव्हा सेंगदाने सिरीला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं. "विचार तिला, तू किती दिवसांसाठी आलीयेस?"

"तीन आठवडे," सिरी म्हणाली आणि मग स्वतःच हसली. गाल लाल झाले.

"तो आईसाठी जातोय," सेंगदा पाणी सोडत म्हणाली. "मुलाने चीवर घेतलं की पुण्य आईला लागतं. तू कुणासाठी आलीस?"

"देवासाठी."

"देवाला काय कमी आहे? आईचा वाटा असतोच. तुझी आई खूश असेल अगदी."

 पाणी कानामागून वाहत राहिलं. मग सिरी छताकडे बघत बोलू लागली आणि कमोन एकेक वाक्य घेऊन इकडे देत राहिली. आई विमानतळावर आली नव्हती. ती वृद्धाश्रमात परिचारिका होती, चर्चमध्ये कधी जात नसे. तिचं म्हणणं, त्या लोकांचा धर्म त्यांच्यापाशी आहे, तू जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना काय सांगणार? त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आल्यापासून सिरीने फोन केला नव्हता. नुसते निरोप, 'पोचले', 'बरी आहे'.

"आईचं काही चुकलं नाही," सेंगदा म्हणाली.

"हे मी सांगणार नाही," कमोनने थाई भाषेतच बजावलं.

"नको सांगू. पण चुकलं नाही."

सिरीने मान वळवली. तिचा आवाज आता वर्गातल्यासारखा ठाम झाला होता. "मावशी, मी पुण्य कमवायला नाही आले. आमच्यात ते कमवावं लागत नाही. देवाची कृपा फुकट मिळते, कुणालाही. तुम्हालासुद्धा. तुम्ही तिचा विचार करावा असं मला फार वाटतं."

बरेच दिवस मनात धरलेलं ती बोलून गेली होती, हे भाषा न कळताही सेंगदाला कळलं. तिने हसण्यावारी नेलं नाही. टॉवेल घेऊन तिने सिरीचं डोकं दोन्ही हातांनी गुंडाळलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

"फुकट मिळालंय ना? मग आईला द्यायला काय झालं?"

 सेंगदा तिचे केस पुसत राहिली आणि बोलत राहिली, मिरवणूक गेली त्या दिशेला बघत.

"माझ्या आईला मी एकटीच. मुलीला कोण चीवर देतंय? पावसाळ्याच्या तोंडावर आई अशीच दारात उभी राहायची. दुसऱ्यांच्या मुलांच्या मिरवणुका बघायची. मग आत येऊन मला जेवायला वाढायची. कधी एका शब्दाने बोलली नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं."

कमोनने हे सिरीला हलक्या आवाजात सांगितलं. रोलर सोडवायची वेळ झाली होती, पण तिने सेंगदाला आठवण केली नाही.

त्यानंतर वर्गात सेंगदा वेगळेच शब्द विचारू लागली. आधी तिला 'केसांना फुगा आणू की सरळ ठेवू' वगैरे लागायचं. आता ती हात वर करून विचारायची, 'देणे' आणि 'सोपवणे' यांत काय फरक? 'स्वीकारा' हे नम्रपणे कसं म्हणायचं? 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' हे कसं? सिरी फळ्यावर वाक्य लिहायची आणि आशेने तिच्याकडे बघायची.

"मावशी देवाच्या अगदी जवळ आल्यात," एका संध्याकाळी खुर्च्या आवरताना ती कमोनला म्हणाली. "शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर काहीतरी सांगणार आहेत. मी रोज प्रार्थना करतेय."

"सांगणार आहे खरी," कमोन म्हणाली आणि पुढची खुर्ची उचलली.

शेवटच्या संध्याकाळी हॉल भरून गेला होता. मागच्या टेबलावर चिकट भात, भाजलेल्या मिरच्यांची चटणी आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज मांडून ठेवले होते. एकेकाने पुढे येऊन चार-चार वाक्यं म्हटली. वाहतूक पोलीस असलेल्या प्रासितने 'कृपया आपला परवाना दाखवा' असं म्हणून टाळ्या घेतल्या. सोमबतने हवामान सांगितलं. सगळ्यांत शेवटी सिरी स्वतः बोलणार होती आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना प्रार्थनेसाठी पुढे बोलावणार होती.

सेंगदा तिकडच्या बायका सणाला नेसतात तशी रेशमी लुंगी नेसून, केसांचा उंच अंबाडा घालून आली होती. पुढे आली, उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "माझं भाषण इथल्या लोकांसाठी नाही. सिरी, आईला फोन लाव. चेहरा दिसेल असा."

सिरीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "ती कामावर असेल."

"तिकडे आता दुपार आहे. जेवायची सुट्टी," कमोन मागून म्हणाली. "मी बघून ठेवलंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शब्दोच्चार मी करून घेतलेत. वाक्यं तिची."

"मावशी, नको. प्लीज."

"तू म्हणालीस, चुकलं तरी चालेल, बोला," सेंगदा म्हणाली. "मी बोलणार आहे. तू फक्त धर."

सगळा हॉल वाट बघत होता. सिरीने फोन काढला. पहिल्या दोन घंट्यांत ती तो बंद करील असं कमोनला वाटलं. तिसऱ्या घंटेला पडद्यावर आखूड पांढऱ्या केसांची, निळ्या गणवेशातली बाई आली. हातात अर्धवट खाल्लेला पाव. ती घाबऱ्याघुबऱ्या काहीतरी विचारू लागली. सिरी मान हलवत म्हणत होती, काही नाही, काही झालं नाही. सेंगदाने फोन सरळ आपल्या हातात घेतला.

"नमस्कार. माझं नाव सेंगदा. मी केस कापते. तुमची मुलगी माझी टीचर आहे."

पडद्यावरची बाई थांबली.

"ती फार लांबून आली. तिने चांगलं काम केलं. आधी मला इंग्रजीची भीती होती. आता बघा, मी तुमच्याशी बोलते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे मूल चांगलं काम करतं, तेव्हा त्याचं पुण्य आईला जातं. तिला हे माहीत नव्हतं. म्हणून मी देते. कृपा करून स्वीकारा."

 पडद्यावरच्या बाईने पाव खाली ठेवला. मग सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, "तिने तुम्हाला ख्रिस्ती केलं का?"

"नाही," सेंगदा म्हणाली. "प्रयत्न केला. खूप केला."

आधी सोमबत फिसकन हसला. मग सगळे. मग पडद्यावरची बाई हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले.

"घेताना काय म्हणतात तुमच्यात?" तिने विचारलं.

"हात असे. मग साधू म्हणा. म्हणजे, चांगलं झालं."

बाईने हात जोडले, जरा वाकडेच, आणि म्हणाली, "साधू."

"साधू," हॉलमधून आपसूक आलं. विहारात येतं तसंच.

सेंगदाने फोन सिरीला दिला आणि लोकांना जेवणाच्या टेबलाकडे हाकललं. मायलेकी खिडकीपाशी त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या. सुरुवातीला आई बोलत होती, मग दोघी एकदम, मग कुणीच नाही. पण फोन चालू होता.

"काय चाललंय गं त्यांचं?" सेंगदाने भाताची मूद करत विचारलं.

"मला इंग्रजी येतं, नॉर्वेजियन नाही," कमोन म्हणाली. "तुझा र मात्र शेवटपर्यंत आला नाही."

"तिला कळलं की."

सिरी आली तेव्हा थाळ्या निम्म्या झाल्या होत्या. कमोनने तिला पुढच्या व्यासपीठाकडे खूण केली. तिचं बोलणं अजून बाकी होतं. सिरीने तिकडे पाहिलं, मान हलवली आणि सेंगदाच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. डोळे सुजले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मावशी, हे पुण्य... असं दुसऱ्याला दिलं की संपतं का?"

"नाही गं. दिव्यावर दिवा लावतो तसं. दिल्यानं कमी होत नाही."

 सिरीच्या श्रद्धेत या हिशेबाला जागा नव्हती, हे कमोनला ठाऊक होतं. म्हणून तिने सिरीचं पुढचं वाक्य जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता सेंगदाला सांगितलं.

"मग माझ्यापाशी ते अजून असेल. तुमच्या आईचं नाव काय होतं?"

 सेंगदाने हातातला भात थाळीत ठेवला. लुंगीला बोटं पुसली. पुन्हा पुसली.

"बुआफान," ती म्हणाली.

"बुआफान," सिरीने म्हटलं. "बरोबर आला का उच्चार?"

"नाही," सेंगदा म्हणाली. "परत म्हण."