डावीकडून तिसरं चित्र

निदियाने गावात कुणालाच सोडलं नव्हतं. मुख्याध्यापक, दोन चुलत बहिणी, कोपऱ्यावर चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणारी रामोनाबाई, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तिने लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवरही पळतं, हे तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की काकुपे गावाच्या चौकात तिला पाहून लोक रस्ता बदलत. उरला होता फक्त तिचा बाप, वेनान्सियो. आयुष्यभर बस चालवलेला, हट्टी म्हातारा.

खरी गरज मात्र त्यालाच होती. बायको फिदेलिना गेल्यापासून तो रविवारसाठी आठवडा ढकलायचा. रविवारी दुपारी स्वतः कॉम्प्युटर लावायचा आणि व्हिडिओ कॉलवर ब्वेनोस आयरेसला बांधकामावर असलेल्या देर्लिसचं, आपल्या मुलाचं, तोंड डोळे भरून बघायचा. हल्ली बोलणं अर्ध्यावर टाकून मशीन बंद पडे. एक दिवस पडेल ते उठणारच नाही, ही धास्ती निदियाला होती.

दर शनिवारी बापलेक अंगणात तेरेरे, म्हणजे पानांचा गार काढा, पीत बसत. ती थंडगार पेला भरून द्यायची आणि हळूच विषय काढायची. पेला परत देत बाप म्हणायचा, "आभारी आहे." तेरेरेच्या बैठकीत आभार मानले की संपलं, पुढचा पेला नको.

"बाबा, अजून दोनच झालेत."

"तुझं भाषण धरून चार झाले, पोरी."

शेवटी तिने नको तो शहाणपणा केला. बाप चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गेलेला पाहून जुनं सगळं पुसलं आणि नवं बसवून टाकलं.

बाप आला, टोपी काढून बसला. पडदा झटकन उजळला. त्याने बोट जवळ नेलं आणि डावीकडून मोजलं: एक, दोन, तीन. तिसरं चित्र दाबलं तर पुढ्यात कोरं पान. पुन्हा मोजलं, पुन्हा कोरं पान. मग हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "देर्लिस आज कामात असेल."

"अहो, वर लिहिलंय की," असं म्हणता म्हणता निदिया थांबली.

तीन वर्षांची त्याची शाळा, तीही सगळी स्पॅनिशमधून. घरात जन्मभर बोलला ती ग्वारानी. अक्षराला अक्षर लागायचं, पण स्पॅनिश शब्दाचा अर्थ लागेपर्यंत सुरुवात विसरायची. चष्मा सापडत नाही म्हणून तो आजवर वेळ मारून नेत आला होता. देर्लिसचं चित्र डावीकडून मोजायला फिदेलिनाने त्याला शिकवलं होतं, आणि ती वाट आज लेकीने पुसली होती. गावभर शिकवत फिरणाऱ्या निदियाला स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं, बाबा. विचारायला हवं होतं."

तिने देर्लिसचं चित्र पुन्हा तिसऱ्या जागी आणलं. मग राजधानी असुन्सिओनच्या काही हौशी लोकांनी केलेलं भाषांतर चढवून सगळा पडदा ग्वारानीत केला आणि तेरेरेची तयारी करत बसली.

बाप पुढे वाकला. ओठ हलू लागले. बऱ्याच वेळाने तो फिस्सकन हसला. "हा शब्द कुठल्या शहाण्याने घातला? असं कोण बोलतं?"

"मग काय म्हणायचं?"

त्याने सांगितलं. तिने लिहून घेतलं. "कळवते त्यांना. बदलतील."

"माझं ऐकून?"

"हे कुणा एकाचं नाहीच, बाबा. तुमचंही आहे."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. पहिल्यापासून एकेक नाव मोठ्याने वाचत गेला, तिसऱ्यापाशी आला आणि न मोजता बोट टेकवलं.

"आज कॉल लवकर लागला?" पडद्यावरून देर्लिसने विचारलं. "निदियाने लावून दिला ना?"

"ती तेरेरे करतेय. मी वाचून लावला."

निदियाने पेला भरून दिला. म्हाताऱ्याने तो एका दमात संपवला आणि आभार न मानता तिच्यापुढे धरला. तिने पुन्हा भरला.