मावशींच्या खोलीचं दार

उजेडताईंचा रोजचा एक नेम होता: तोंडाने खोटं बोलायचं नाही. काम मात्र न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करायचं. कुठे ऊन पाडायचं आणि कुठे सावली, सगळं त्यांच्या हातात. म्हणून तर ऑफिसने हे नाव ठेवलेलं. चित्रातल्या थापांचं काय, असं कुणी छेडलं की त्या हळूच म्हणत, "नेम तोंडाचा आहे, हाताचा नाही."

त्या सकाळी साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. "मावशींची खोली जरा उजळ करा. दुपारी त्या भाच्याबरोबर येतायत. त्यांना चित्र आवडलं की तो घराच्या करारावर सही करणार."

मावशी आणि भाचा नव्या घरात एकत्र राहणार होते. खिडकीवाली खोली भाच्याने सिनेमे बघायला ठेवली होती, जाड पडदे लावून. मावशींच्या वाट्याला मागची, बिनखिडकीची. गेल्या खेपेला मावशींनी एवढंच मागितलं होतं, "सकाळी दिवा न लावता सुईत दोरा ओवता यावा, बाई. बाकी काही नको."

"साहेब, त्या खोलीत उजेड येतो तो फक्त हॉलच्या दारातून."

"मग एक्स्पोजर वाढवा की! कॅमेऱ्याने डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवला तर कोळसासुद्धा चमकतो. आणि त्यांच्यासमोर बोलू नका. तुमचा तो नेम माझ्या मुळावर येतो."

उजेडताईंनी एक्स्पोजर वाढवलं. खोली दुधासारखी उजळली. पण दारापलीकडचा हॉल आधीच उन्हातला. तो पार पांढराफटक झाला. सोफा नाही, भिंत नाही, नुसता लखलखाट. चित्रातलं दार लावायचं आणि छताआड एक खोटा दिवा लपवायचा, दोन मिनिटांचं काम. उजेडताईंनी माउसकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि चहा प्यायला उठून गेल्या.

दुपारी मोठ्या पडद्यावर चित्र लागलं. "बघ मावशी, किती लख्ख!" भाचा म्हणाला.

मावशींनी चष्मा चढवला आणि पडद्याला नाक लावलं. "खोली छान आहे रे. पण हॉलमध्ये आग लागलीय का?"

"आग?"

"दारात बघ ना. बाहेर वणवा पेटलाय आणि मी आपली पलंगावर बसून शिवतेय. अरे, कुणी हाक तरी मारा मला!"

साहेब घाईघाईने म्हणाले, "ते जरा तांत्रिक आहे."

"असेल. पण मघाच्या हॉलच्या चित्रात हाच सोफा धडधाकट होता. इथे कसा जळाला? बाई, तुम्ही सांगा बरं."

साहेब जोरात खोकले. उजेडताई अक्षरही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हॉलच्या चित्राचं एक्स्पोजर उचललं आणि या चित्राला लावलं. सोफा परत आला, भिंत परत आली. मावशींची खोली मात्र काळोखात बुडाली. पलंगाचा एक पाय तेवढा वर राहिला.

"अगं बाई! आग विझली, पण मी कुठे गेले?"

भाचा ओशाळला. "भरपूर दिवे लावू ना, मावशी."

"लाव की. पण मला सांग, सिनेमा बघायला काय काय लागतं?"

"मोठा पडदा. चांगले स्पीकर. आणि..."

"आणि?"

"अंधार," भाचा जमिनीकडे बघत पुटपुटला.

"मग देवाने तुला तयार अंधार दिलाय, आणि तू खिडकीला पडदे कसले शिवतोयस, मेल्या?"

खोल्यांची अदलाबदल तिथल्या तिथे ठरली. भाच्याने सहीही केली. मावशींचं हसू जिन्यावरून खाली जाईपर्यंत ऐकू येत होतं.

साहेब वळले. "बोलू नका म्हटलं होतं."

"नाही बोलले."

"दार मुद्दाम उघडं ठेवलंत?"

आता नेमाशी गाठ होती. उजेडताईंनी पदर सावरला. "हो," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि चहाचीही तशी तलफ नव्हती."