बोंजूर मास्तरची मुंबई

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. दत्तोपंत ऑडिटर देवमाणूस होते, मला कबूल हाय, पण मरायला त्यांनी नेमका तो गुरुवार धरला आणि आमच्या नृसिंहाचं वाटोळं झालं. आता तुम्ही म्हणाल, मरण काय कुणाच्या हातात असतंय व्हय? नसतंय की. तरी बी माझा राग जात न्हाय.

मी सयाजी, शाळेत ड्रिलचा मास्तर आणि संध्याकाळी तालमीत वस्ताद. नृसिंह आठल्ये माझ्या शाळेत फ्रेंच शिकवायचा. संस्थान होतं तवा आमच्या हेडमास्तरांना भारी हौस, की कोल्हापूरच्या पोरांनी मुंबईच्या पोरांसारखं फ्रेंच घेऊन मॅट्रिक व्हावं. त्यांनी पुण्याहून हा गोरा, सडपातळ गडी आणला. पोरं त्याला बोंजूर मास्तर म्हणायची. माझा ड्रिलचा तास चालू असला की त्याच्या वर्गातनं तीस पोरं एका दमात नाकातनं बोलताना ऐकू यायची. मी म्हणायचो, "मास्तर, पोरांना पडसं झालंय का भाषा शिकवताय?" तो हसायचा आणि म्हणायचा, "सयाजीराव, तुमच्या शिट्टीपेक्षा बरं वाटतं कानाला." तिथनं आमची दोस्ती.

मग संस्थान विलीन झालं. मुंबई सरकारचा अंमल आला, हेडमास्तर बदलले, अभ्यासक्रम बदलला. आईबाप म्हणायला लागले, फ्रेंच घेऊन काय गूळ विकायचाय का? संस्कृत घ्या, मार्क पडतात. पहिल्या वर्षी फ्रेंचला तिसाची अकरा पोरं राहिली, दुसऱ्या वर्षी चार. पन्नास साली नव्या हेडमास्तरांनी नृसिंहाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या जूनपासनं विषय बंद. इंग्रजीला जागा न्हाय, दुसऱ्या विषयाची पदवी न्हाय. तो खोलीतनं बाहेर आला तवा चेहरा असा झालता, की मी शिट्टी वाजवायची विसरलो आणि पोरं तशीच हात वर करून उभी राहिली.

घरी बायको लीला, दोन लहान मुली. राजारामपुरीत दोन खोल्या भाड्याच्या. पण गडी रडत बसला न्हाय. एका रविवारी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मी चार्टर्ड अकौंटंट होणार."

"आता ह्यो काय प्रकार?" मी म्हटलं.

त्यानं समजावलं. दिल्लीला नवा कायदा झालाय. कुणातरी सनदवाल्या ऑडिटरच्या हाताखाली ठरलेली वर्षं शिकाऊ म्हणून काढायची, मध्ये खंड पडू द्यायचा न्हाय, दुसरी नोकरी करायची न्हाय, आणि परीक्षा द्यायच्या. मग स्वतःची पाटी. "सयाजीराव, पाटी असली की विषय बंद झाला म्हणून कुणी घरी पाठवत नाही," तो म्हणाला. त्या वाक्यात त्याचं सगळं दुखणं होतं.

मंगळवार पेठेतल्या दत्तोपंतांनी त्याला घेतलं. साठी उलटलेले, मूलबाळ न्हाय, बायको माई तेवढी. शिकाऊ घ्यायचा तर लोक मोठाली रक्कम मागायचे, पंतांनी दमडी घेतली न्हाय. उलट दुपारचं जेवण माई वाढायची. पंत त्याला ओरडायचे पण असे, की ओरडणं संपलं की स्वतःच्या हातानं पान लावून द्यायचे. आणि लीलावहिनींनी बालवाडीत नोकरी धरली, सकाळी चाळीस पोरं सांभाळायची आणि दुपारी शिवणयंत्र. दोन वर्षं त्या बाईनं नवं लुगडं घेतलं न्हाय. पहिली परीक्षा नृसिंह पास झाला, तवा मी तालमीतल्या पोरांना पेढे वाटले. पोरांनी विचारलं, "कुणाची कुस्ती झाली वस्ताद?" म्हटलं, "आकड्यांची."

निम्म्याहून जास्त मुदत सरली आणि पंतांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. सही न्हाय म्हणजे काम न्हाय, काम न्हाय तर शिकाऊ कसला? उरलेली मुदत दुसऱ्या ऑडिटरकडं काढायला पाहिजे. नृसिंहानं सांगली, पुणं, सगळीकडं विचारलं. अर्ध्यातनं आलेला, पस्तिशीचा, पदरी दोन पोरी असलेला शिकाऊ कुणाला पाहिजे? सगळीकडनं नकार.

आणि मग बघा, देव असतोय असं मला बी वाटलं. मुंबईला फोर्टात एका पारशी ऑडिटरकडं एका फ्रेंच कंपनीचं काम आलं. वह्या सगळ्या फ्रेंचमध्ये. त्याला हिशेब कळणारा आणि फ्रेंच वाचणारा माणूस पाहिजे होता, आणि उभ्या इलाख्यात असला माणूस म्हणजे आमचा बोंजूर मास्तर! पुण्याच्या एका मित्रानं नाव सुचवलं. पारशानं कळवलं: सोमवारी सकाळी हजर व्हा, उरलेली मुदत माझ्याकडं पुरी करा, वर पगार देतो. सोमवारी कंपनीची माणसं येणार, त्या दिवशी माणूस पाहिजेच.

नृसिंह पत्र घेऊन पळत शाळेत आला. माझ्या तासाला, भर मैदानात, मला मिठी मारली. पोरं टाळ्या पिटायला लागली. "सयाजीराव, फ्रेंच वाया गेलं नाही हो!" एवढंच परत परत म्हणत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी पोरांना उगीच दोन फेऱ्या पळवलं.

पंतांनी डाव्या हातानं अंगठा उठवून बदलीचा कागद दिला. गुरुवारची संध्याकाळची गाडी ठरली. वहिनींनी ट्रंक भरली, मुलींना नवे फ्रॉक शिवले. स्टेशनवर टांगा न्यायचं काम माझ्याकडं होतं.

गुरुवारी सकाळी पंत गेले.

मी पोचलो तवा पंतांचं अंगण माणसांनी भरलंतं. प्रश्न एकच, अग्नी कुणी द्यायचा. पंतांचा पुतण्या अप्पा आजऱ्याला. त्याला तार गेलती, तो एसटीनं निघालाय असं उलट कळलंतं. सगळे वाट बघत बसले. तीन वाजले, चार वाजले, अप्पाचा पत्ता न्हाय. भटजी म्हणाले, दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे, सूर्य काय आजऱ्याच्या गाडीसाठी थांबत न्हाय.

मग माई उठली. नऊवारीचा पदर सावरत सरळ नृसिंहाजवळ गेली, आणि अग्नीचं मडकं त्याच्या हातात दिलं. म्हणाली, "ते तुलाच मुलगा म्हणत होते."

मी पुढं झालो. "माई, त्याला गाडी पकडायचीय. मी देतो अग्नी. माझं काय जातंय?"

भटजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी मराठ्याचा पोर ब्राह्मणाच्या चितेला कसा हात लावणार हे बोलायची गरजच पडली न्हाय. मी नृसिंहाच्या कानाशी लागलो. "मास्तर, नका. जो अग्नी देतो त्याला तेरा दिवस हलता येत न्हाय. सोमवारचं काय?"

"पंतांना बेवारशासारखं जाळू, सयाजीराव?" तो म्हणाला. आणि मडकं घेऊन पुढं झाला.

पंचगंगेवर चिता पेटली. ज्वाळा वर चढल्या न चढल्या तोच घाटावरनं धापा टाकत अप्पा आला. वाटेत टायर फुटलं म्हणे. अर्धा तास! अर्धा तास थांबले असते, तर! मी धावत भटजींकडं गेलो. "भटजी, पुतण्या आला की. आता त्याला बसवा दिवसाला, ह्या माणसाला सोडा."

भटजींनी मान हलवली. "अग्नी ज्याचा, दिवस त्याचे. मध्येच हात बदलता येत नाही. मृताला गती मिळत नाही."

"आणि जित्याच्या गतीचं काय?" मी ओरडलो. घाटावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. अप्पा मात्र हळूच म्हणाला, "शास्त्र आहे ते शास्त्र आहे." त्याला तरी डोकं भादरून जमिनीवर निजायची हौस कुठं होती!

शुक्रवारी मीच तार केली. गुरूंचं निधन, क्रियेला बसलेत, तेरा दिवसांची सवड द्या. पारशाची तार शनिवारी आली. मयत नात्यातला आहे काय, असं विचारलंतं, आणि नसल्यास सोमवारी यावंच. त्याची काय चूक? परक्या ऑडिटरसाठी शिकाऊ माणूस तेरा दिवस टक्कल करून बसतोय, हे फोर्टात बसून कुणाला कळणार?

मी तार घेऊन पंतांच्या घरी गेलो. नृसिंह ओल्या पंच्यानं कोपऱ्यात बसलाता. "सख्खा बाप म्हणून खोटं लिहितो," मी म्हटलं.

"लिहिलं तरी सोमवार सोमवारच राहतो," तो म्हणाला.

"मग उठा! रात्रीच्या गाडीनं चला. लोक चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. लोकांचं काय, हत्तीवरून चाललं तरी बोलतात."

त्यानं मान खाली घातली. "मी उठून गेलो तर पिंड कोण देणार? माई जिवंतपणी मरतील. शिवाय माझ्या हातून होणार नाही हो ते."

लई शिव्या दिल्या त्याला. तुला पोरी हायत का न्हाय, बायको हाय का न्हाय, का नुसता मेलेला म्हाताराच तुझा? मग मीच घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्यांनी ट्रंक उघडली आणि एकेक कापड काढून परत दोरीवर टाकलं. धाकटी विचारत होती, "आई, मुंबई रद्द?"

पुढच्या आठवड्यात कळलं, पारशानं पाँडेचरीकडचा कुणी माणूस घेतला. तेराव्यानंतर नृसिंहानं मुंबईच्या बऱ्याच ऑफिसांची पायरी झिजवली. मी दोनदा बरोबर गेलो. शेवटी एका म्हाताऱ्या ऑडिटरनं खुर्ची देऊन समजावून सांगितलं, आता खंड फार पडला, पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी असेल तर या, पण रक्कम भरावी लागेल आणि पगार मिळणार नाही. येताना गाडीत नृसिंह खिडकीतनं बाहेर बघत बसला. पुण्यापर्यंत मी बडबडत होतो, पुण्यानंतर मी बी दुसऱ्या खिडकीला जाऊन बसलो.

तो शाहूपुरीत गणपतरावांच्या गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून लागला. सकाळी ढेपांची वजनं, संध्याकाळी जमाखर्च. गणपतराव माणूस चांगला, पण "ओ दिवाणजी!" अशी हाक मारली की मी दुसरीकडं बघायचो. बोंजूर मास्तर म्हणायचं मी सोडून दिलं. एकदा चुकून म्हणालो, तर तो म्हणाला, "सयाजीराव, ते नको." पंतांचं ऑफिस अप्पानं एका घड्याळवाल्याला भाड्यानं दिलं.

दर महिन्याचं मासिक श्राद्ध मात्र नृसिंहानं चुकवलं न्हाय. अर्धी रजा टाकून मंगळवार पेठेत जायचा. वर्षश्राद्धाला माईनं मला बी बोलावलं. अप्पा आलता, पाटावर बसून बासुंदी ओरपत होता. वहिनी पदर खोचून वाढत होत्या, नृसिंह तुपाची वाटी घेऊन पंगतीतनं फिरत होता.

माई दाराशी बसलीती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वर्षभर एक दिवस चुकवला नाही हो यानं. पोटच्या मुलानं केलं नसतं इतकं केलं."

वहिनींचा हात थांबला. एवढ्या वर्षांत त्या बाईचा मोठा आवाज मी कधी ऐकला न्हवता, त्या दिवशी बी तो मोठा न्हवता.

"खरं आहे, माई," त्या म्हणाल्या. "पोटचा असता, तर तुम्हीच त्याच्या हातातलं मडकं काढून घेतलं असतं. म्हणाला असतात, बाबा, गेलेल्याचं आम्ही बघतो, तू आधी गाडी पकड."

अप्पाचा घास हातात राहिला. माईनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आता तरी नृसिंह बोलेल. एक शब्द. बायकोच्या बाजूनं, न्हायतर माईच्या, कुणाच्या तरी.

नृसिंहानं माझ्या पानावर तूप वाढलं.

"लीला, भात घेऊन ये," तो म्हणाला. "पानं खोळंबलीत."