हिरव्या दाराची बेकरी

छापखान्यात सगळे तिला 'लालपेन' म्हणायचे. मुद्रितं तपासणं हा तिचा धंदा, आणि दुसऱ्याची चूक सापडली की तिला दोन घास जास्त जायचे. अशी ही बाई रोज संध्याकाळी घरी येऊन इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात रशियातल्या एका एवढ्याशा गावावरचा लेख सुधारत बसायची, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिचा दादा त्या गावातल्या कागद गिरणीत कामाला गेला होता. एका हिवाळ्यात त्याचे फोन थांबले. तो काम सोडून गेला म्हणत गिरणीवाल्यांनी हात झटकले, आणि त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेख म्हणजे चार ओळींचा नुसता सांगाडा. तिने त्यात नदी घातली, पूल घातला, स्टेशन घातलं, प्रत्येक वाक्याला संदर्भ जोडला. आईला दिसत नव्हतं, म्हणून ती वाचून दाखवायची. आई त्या गावात मनाने फिरायची, पोराला शोधत.

एकदा आईने विचारलं, "एवढ्या गावात खायचं दुकान नाही? मग माझं पोर खातंय काय?" लालपेनने जंग जंग पछाडलं, दुकान काही सापडेना. त्या दिवसापासून आई ताट सरकवून ठेवायला लागली. पोर उपाशी असताना आपण कसं गिळायचं, हे तिचं म्हणणं. त्यापुढे डॉक्टर काय करणार, कप्पाळ? बघता बघता आईची काडी झाली.

मग जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईने लेखात चक्क एक थाप घातली. 'पुलाजवळ हिरव्या दाराची एक बेकरी आहे.' ते ऐकून आई उठून बसली. दाराशी टेकायला काही आहे का, म्हणाली. बाक आहे, लेकीने ठोकून दिलं, एक पाय मोडलाय म्हणून खाली वीट लावलीय. हे लेखात नव्हतं, फक्त दोघींत होतं. आई त्या दिवशी पोटभर जेवली, आणि नंतरही जेवत राहिली.

लालपेनला मात्र लाज आतून कुरतडत होती. ज्ञानकोशात बिनसंदर्भाच्या वाक्यापुढे कुणीतरी 'संदर्भ हवा' अशी खूण लावतं, आणि आज ना उद्या ते वाक्य उडतं. तशी खूण लागलीच. त्यापेक्षा आपल्याच हाताने पुसू, म्हणून सुट्टीच्या दुपारी आईला जेवायला वाढून तिने लेख उघडला. खूण गेली होती. वाक्याशेजारी एक फोटो होता, टाकणाऱ्याचं नाव नव्हतं.

पूल, बर्फ, हिरवं दार. दाराशी बाक, आणि बाकाच्या एका पायाखाली वीट.

तिने फोटो मोठा करून पाहिला, वीटच होती. आई शेजारीच होती, लेकीचा श्वास अडखळला तरी ओळखणारी.

"काय दिसलं?"

"बेकरीचा फोटो आलाय, आई."

"तो आत आहे का?"

"माणूस दिसत नाही. बर्फात पावलं आहेत. आत जाणारी."

आईचा चेहरा सैलावला. पोचला बाई एकदाचा, आत ऊब असेल, असं काहीसं पुटपुटत तिने समोरचं ताट हळूच बाजूला केलं. "आता माझं काही राहिलं नाही," ती म्हणाली. "मी सुटले."

लेकीने फोटो पुन्हा पाहिला. पावलं दारापर्यंत जात होती, परतीचं एकही नव्हतं.

"बाहेर आलेली पण आहेत, आई. आत्ता नीट दिसली."

आईने चाचपडत ताट पुन्हा ओढून घेतलं. "मग बघ तरी, तिथून कुठे गेला."

आपण लिहू, बोलू ते तिकडे कुणीतरी खरं करून ठेवतंय, हे लालपेनला कळून चुकलं होतं. पण भीतीपेक्षा लोभ मोठा निघाला. तिने लिहिलं, 'बेकरीपासून एक वाट स्टेशनाकडे जाते. तिथून घराकडची गाडी सुटते.' संदर्भाची जागा तिने मोकळी सोडली, आणि उठून बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवली.